जिथलं तिथं

माझ्या माहेरच्या परसात विहीर होती. आमचं खेडं बेळगावच्या पूर्वेला, काळ्या मातीतलं. घर शेतकऱ्याचं. आज्जी उजाडल्याशिवाय पोहरा विहिरीत सोडायची नाही आणि आणलेलं पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय चुलीजवळ येऊ द्यायची नाही. एवढं तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी असेल. पण आज्जीचं निम्मं काम गाळून झाल्यावर उरायचं. ती फडकं उलटं धरायची, त्यावर गाळलेलंच थोडं पाणी सोडायची आणि अडकलेले सूक्ष्म जीव एका भांड्यात उतरवून घ्यायची. मग ते पाणी परत विहिरीत. याला जिवाणी म्हणतात. तेही काठावरून भसकन ओतायचं नाही, कारण एवढ्या उंचीवरून पडून जीव मरतील. तिच्या जिवाणीच्या पोहऱ्याला बुडाशी एक कडी होती. दोर अशा बेताने बांधायचा की पोहरा खाली पाण्याला टेकला की अलगद कलंडावा.

एकदा मी कंटाळा केला. सात-आठ वर्षांची असेन. शाळेची घाई होती, म्हणून ते भांडं मी गुरांच्या दोणीत उपडं केलं. पाणी ते पाणीच की! आज्जीनं बघितलं. ती मारणारी नव्हती. एवढंच म्हणाली, "ज्या पाण्यातलं त्या पाण्यात जायला पाहिजे बाई. दुसऱ्याचं पाणी त्यांना सोसत नाही. आपण घेताना विचारलं नाही, देताना तरी ठिकाण चुकवू नये."

पुढं माझं लग्न झालं, बेळगावात आले, नळ आला, नळाला मशीन लागलं. मशीन जे अडवतं ते कुठं जातं, मी कधी बघितलं नाही. आज्जीचं ते वाक्यही विसरले होते. ते आठवलं चोर्ला घाटात, आणि आठवलं ते असं की अजून पाठ सोडत नाही.

झालं असं. आमच्या बस्तीच्या महिला मंडळाची कार्तिकात सहल ठरली. गोव्यात डिचोली तालुक्यात कुडणे म्हणून गाव आहे, तिथं जुन्या जैन बस्तीचे अवशेष आहेत. फोंड्याजवळ बांदिवड्यालाही आहेत. गोवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं समुद्र आणि देवळं-चर्च येतात. तिथं कधीकाळी आपली माणसं होती, तीर्थंकरांच्या मूर्ती होत्या, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं. मिनीबस केली, दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून घेतली आणि पहाटे निघालो.

हा रस्ता आम्हा बेळगावकरांच्या पायाखालचा. रोज रात्री आमच्याकडचं दूध, भाजीपाला भरून गाड्या याच वाटेनं गोव्यात उतरतात. कुसमळीला मलप्रभा ओलांडायची, मग जांबोटी, मग झाडी दाट होत जाते आणि कणकुंबी येतं. कणकुंबीला आम्ही थांबलो. माउलीचं देऊळ आहे, तिथं मलप्रभेचा उगम. उगम म्हणजे काय, एक लहानसं कुंड. मंडळातल्या एक वयस्कर काकू म्हणाल्या, "एवढ्याशा पाण्याचं पुढं सौंदत्तीला केवढं धरण होतं बघा!"

कणकुंबीची गंमत अशी की ते डोंगराच्या पाठीवर बसलेलं गाव आहे. पावसाचा एक थेंब कण्याच्या अलीकडं पडला तर मलप्रभेतून कृष्णेला मिळतो आणि पार बंगालच्या उपसागराला जातो. हातभर पलीकडं पडला तर कळसा नाल्यातून म्हादईला, म्हादईची पुढं मांडवी होते आणि पणजीवरून अरबी समुद्राला. ढग एकच, गाव एकच. कुणी कुठं जायचं हे त्या उतारानं ठरवलेलं.

आणि इथंच तो पाण्याचा वाद आहे. कळशाचं पाणी कालव्यानं अलीकडं वळवून मलप्रभेत आणायचं, अशी आमच्या राज्याची योजना. गोव्याचा त्याला विरोध. २०१० मध्ये लवाद नेमला गेला, २०१८ मध्ये त्यानं निवाडा दिला, कर्नाटकाला सगळ्या कामांसाठी मिळून १३.४२ टीएमसी पाणी दिलं. तेही कुणाला पटलं नाही. राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. बसमध्ये यावरून वादावादी झाली. एकीचं माहेर नवलगुंदकडचं. ती म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय उन्हाळा म्हणजे काय ते. आमच्या गावात आठ-आठ दिवसांनी नळ येतो." दुसरीची लेक म्हापशाला दिलेली. ती म्हणाली, "नदी वळवली तर खाली खारं पाणी आत शिरेल, मग माझ्या लेकीनं काय प्यायचं?" दोघीही खोटं बोलत नव्हत्या. मला मात्र आज्जीचा पोहरा आठवला. ज्या पाण्यातलं त्या पाण्यात. मी गप्प बसले. तहानलेल्या माणसाला पहिल्यांदा शास्त्र सांगू नये, हेही आज्जीनंच शिकवलेलं.

चोर्ला सोडला की सुर्ल्याच्या पठारावर धुकं लागतं आणि मग घाट एकदम खाली धावतो. वळणावळणावर खाली पाणी चमकतं. ते अंजुणे धरणाचं. हिरव्या डोंगरांच्या ओंजळीत ठेवल्यासारखं. त्याच्या पोटात माणसांची घरं गेली आहेत आणि ती माणसं खाली दुसरीकडं वसवली आहेत, पण वरून ते दिसत नाही. वरून पाणी फक्त सुंदर दिसतं. केरी गेलं, पर्ये गेलं, साखळी आली. आणि हळूहळू रस्त्याकडेची माती लाल होत गेली.

कुडण्याच्या वाटेवर बस थांबली, कारण कुणाला तरी "तळं" दिसलं. खरोखर डोळ्यांचं पारणं फिटावं असं पाणी, गर्द हिरवट निळं, बाजूला पायऱ्यापायऱ्यांचे उंच लाल कडे. सगळ्या जणी उतरल्या, फोटो झाले. रस्त्याकडेला एक बाई केळी विकत बसली होती, माझ्याच वयाची. मी केळी घेता घेता विचारलं, "या तळ्याचं नाव काय हो?"

ती हसली. "तळं कसलं बाय? खाण ती. बंद पडली, पाणी भरलं."

मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. लोहखनिज खणत खणत खाली जातात तेव्हा जमिनीतल्या पाण्याच्याही खाली जावं लागतं. खाण कोरडी ठेवायची तर रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसायचं. आजूबाजूच्या गावांच्या विहिरी, तिकडं बांय म्हणतात, त्या खड्ड्याकडं झिरपत जातात आणि आटतात. एक टन खनिज काढायला दोन-अडीच टन, कधी तीन टन माती बाजूला टाकावी लागते. त्या मातीचे डोंगर उभे राहतात, आणि पाऊस आला की ती लाल माती वाहत भातशेतीत बसते. शिरगाव, पिसुर्ले अशा कितीतरी गावांची हीच कथा. खाण थांबली की पंप थांबतात, पाऊस आणि झरे मिळून खड्डा भरून टाकतात. आम्ही ज्याच्यापुढं फोटो काढले ते पाणी म्हणजे साऱ्या गावाच्या विहिरींचं पाणी होतं.

"खाण आली तेव्हा बांय आटली," ती म्हणाली, "आणि खाण बंद झाली तेव्हा घोवाचा ट्रक बंद. बँकेचा हप्ता काय बंद नाही झाला. आता तूच सांग, खाण बरी की वाईट?"

मला उत्तर देता आलं नाही. देता न येण्याचं कारण तिला माहीत नव्हतं. ते तुम्हाला सांगते.

माझ्या धाकट्या भावानं २००८ साली कर्ज काढून दोन टिपर घेतले आणि या डिचोलीच्या पट्ट्यात खाणीवर लावले. त्या वेळी चीनला खनिज इतकं हवं होतं की पूर्वी टाकाऊ म्हणून बाजूला सारलेली हलकी मातीसुद्धा विकली जात होती. पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेल्या या खाणी. पण पन्नास वर्षांत जे झालं नाही ते त्या पाच-सात वर्षांत झालं. २०१०-११ मध्ये गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेलं. रस्त्यावर ट्रकांची रांग तुटत नव्हती. भावाचे टिपर दिवसाला जमतील तेवढ्या खेपा करायचे. चार वर्षांत त्यानं कर्ज फेडलं आणि बेळगावात चार गाळे बांधले. माझ्या मुलीच्या कॉलेजची दोन वर्षांची फी त्यानं भरली. आमची तेव्हा ओढ होती. "अक्का, तू काळजी करू नको," म्हणाला होता. मी देवापुढं दिवा लावला होता.

२०१२ च्या सप्टेंबरात गोवा सरकारनं खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयानंही थांबवल्या. २०१४ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की या खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती, त्यानंतरचं सगळं खोदकाम बेकायदा. आता हिशेब करा. टिपर २००८ चे. म्हणजे माझ्या भावानं केलेली एकही खेप कायद्यात बसणारी नव्हती. हे त्याला माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. पण माझ्या मुलीच्या गुणपत्रिकेत, आमच्या घरच्या सुखात, त्या बाईच्या बांयचं पाणी आहे, हे त्या केळीच्या टोपलीपुढं मला पहिल्यांदा कळलं.

कुडण्याची बस्ती आम्ही पाहिली. गुजीरवाड्यावर झाडोऱ्यात उभ्या आहेत भिंती. जांभ्या दगडाच्या, कुठं कुठं चुन्याचा गिलावा धरून राहिलेला. सगळ्यांनी णमोकार म्हटला. मला मात्र त्या भिंतींकडं बघताना वेगळंच दिसत होतं. हा जांभा दगड म्हणजे इथल्या डोंगराची सालच. त्याच्याच पोटात लोखंड. ज्यांनी बस्ती बांधली त्यांनीही डोंगर फोडलाच होता. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची. तिचं छतावरचं कमळ बघून आपण मान वर करकरून दमतो, पण तो काळा दगडही कुठल्या तरी खाणीतूनच आला. मग दोष कुणाला द्यायचा, आणि कुठून मोजायला सुरुवात करायची?

घरी आल्यावर मी पुस्तकं काढली. शास्त्राचा माझा अभ्यास नाही, कला शाखेची पदवी आणि चातुर्मासातली प्रवचनं एवढीच पुंजी. तेराव्या शतकात माळव्यात पंडित आशाधर होऊन गेले, त्यांचं सागारधर्मामृत म्हणजे गृहस्थाच्या धर्माचं पुस्तक. त्यात श्रावकानं टाळावेत असे पंधरा धंदे येतात. वाचता वाचता माझा हात थांबला. जंगल तोडून जगणं. जमीन-खडक फोडून जगणं. तळी-सरोवरं आटवून जगणं. आणि एक नाव होतं भाटक, म्हणजे भाड्यानं गाड्या हाकून जगणं. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या यादीत खाणही होती, आटलेली बांयही होती आणि माझ्या भावाचे टिपरसुद्धा होते.

पण आशाधर तिथंच थांबत नाहीत. पुढं त्यांनी म्हटलं आहे की अशी यादी करणं काही बरोबर नाही, कारण जगात सदोष धंदे इतके आहेत की ते मोजून पुरे व्हायचे नाहीत. अगदीच जड बुद्धीच्या माणसासाठी हवी तर ही यादी सांगावी. मला हसू आलं. मी त्या जडांतलीच. यादीत नाव दिसेपर्यंत मला कळलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, असं धरून बसलं तर जगायचं कसं? बरोबर आहे. आपल्याकडचे बहुतेक जैन शेतकरी. नांगर जमिनीत घातला की पृथ्वीकायिक जीवही आले आणि गांडूळही आलं. म्हणून तर आपल्याकडं हिंसेचे प्रकार सांगितले. ठरवून मारणं ती संकल्पी, ती गृहस्थाला पूर्ण वर्ज्य. घरच्या रांधण्या-झाडण्यात होते ती आरंभी, पोटापाण्याच्या उद्योगात होते ती उद्योगी, आपला बचाव करताना होते ती विरोधी; या तीन गृहस्थाला पुरत्या टळत नाहीत, कमी करत जायच्या. माझ्या स्वयंपाकघरात स्टीलचे डबे आहेत, ॲल्युमिनियमची पातेली आहेत. तेही लोखंड आणि बॉक्साइट कुठल्या तरी डोंगराचंच. मी काही डबे फेकून देऊन मडक्यात स्वयंपाक करायला निघालेली नाही.

मग शेतकऱ्याचा नांगर आणि भावाचा टिपर यांत फरक काय? मी बरेच दिवस हे मनात घोळवलं. मला वाटतं फरक दोन ठिकाणी आहे.

एक म्हणजे, किती. पाचवं अणुव्रत परिग्रहाच्या परिमाणाचं. त्यात संपत्ती वाईट म्हटलेली नाही; आधी आकडा ठरव, मग मिळव, असं सांगितलं आहे. मिळाल्यावर ठरवायला बसलं की माणूस कधी पुरे म्हणत नाही. तो डोंगर कित्येक दशकं खणला जात होता, पण ज्या वर्षांत तो खरा खचला त्या वर्षांत कुणी पुरे म्हणायला तयार नव्हतं. सरकार नाही, खाणमालक नाही, टिपरवाला नाही. २०१४ च्या निकालात न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि विक्रीचा दहा टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवायला सांगितला. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, जे व्रत आपण दर चातुर्मासात तोंडानं घेतो ते न्यायालयाला दंडुका हातात घेऊन शिकवावं लागलं.

दुसरं म्हणजे, परत देणं. शेतकरी जमिनीतून घेतो आणि तिथंच शेणखत घालतो, पडीक ठेवतो, बांध घालतो. देतो ते त्याच जमिनीला देतो. खाणीतलं खनिज बार्जमधून मांडवीवरून मुरगावला गेलं, तिथून परदेशी. पैसा घाट चढून बेळगावला आला, त्याचे गाळे झाले. उरला तो खड्डा. घेतलं एका ठिकाणचं आणि रितं केलं दुसऱ्या ठिकाणी. जिवाणी दोणीत ओतली, माझ्यासारखीच.

आणि यात माझी जागा कुठली? मी काही खणलं नाही, कुणाला खणायला लावलं नाही. पण आपल्याकडं पाप तीन दारांनी येतं: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि अनुमोदन दिलेलं. दिवा लावला ते अनुमोदन. "मला माहीत नव्हतं" हे मी स्वतःला खूपदा सांगून बघितलं. पण उमास्वामींनी हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे, म्हणजे बेसावधपणा, विचारायचं राहून जाणं. माहीत नसणं आणि विचारलं नसणं यांत फरक आहे. भाजीवाल्याला मी भेंडी कुठली म्हणून विचारते. भावाला पैसे कुठले हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, कारण उत्तर नको होतं.

हे सगळं मनातच राहिलं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण बस्तीच्या फरशीचं निघालं.

आमच्या बस्तीत जुनी शहाबादी फरशी आहे. ती काढून संगमरवर घालायचा असं ठरत होतं आणि माझ्या भावानं सगळा खर्च उचलतो म्हणून सांगितलं. मंडळाचा हिशेब माझ्याकडं. सगळ्या जणी मला म्हणाल्या, "तुमचा भाऊ म्हणजे किती मोठं मन!" मला अभिमान वाटायला हवा होता. मी घरी येऊन रात्रभर जागी राहिले. गाळ्यांच्या भाड्यातून येणारा हा पैसा. घेतला तो डिचोलीच्या मातीतून, आणि द्यायचा आपल्याच बस्तीत, आपल्याच पायांखाली, पुन्हा कुठला तरी डोंगर कापून आणलेल्या दगडासाठी? दानानं आपलं नाव भिंतीवर लागतं. बांयला पाणी येत नाही.

मी त्याला घरी बोलावलं आणि सांगितलं. नीट सांगता आलं नाही, हे कबूल करते. मी बोलत गेले आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"अक्का," तो म्हणाला, "पोरीची फी भरली तेव्हा नाही आठवलं हे शास्त्र?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. फक्त एवढंच म्हणाले, "नाही आठवलं. म्हणून तर आज बोलते. दोष तुझ्या एकट्याचा नाही, माझाही तेवढाच आहे."

तो चहा न घेता गेला. बरेच महिने बोलला नाही. वहिनी फोन करायची, पण तिच्या आवाजात राग होता आणि तो मला समजत होता. मंडळात मी एवढंच सांगितलं की जुनी फरशी अजून चांगली आहे, उन्हाळ्यात पायाला गार लागते, बदलायची काय गरज? दोघी-तिघींना पटलं, बाकीच्यांना वाटलं भावा-बहिणीत काहीतरी बिनसलंय. तेही खोटं नव्हतंच.

या काळात मी स्वतःला खूप तपासलं. कधी वाटायचं, मी धर्माच्या नावानं त्याला दुखावलं, ही काय कमी हिंसा आहे? शब्दांनी केलेली हिंसासुद्धा हिंसाच. सत्य बोलावं पण समोरच्याला टोचेल असं बोलू नये, असंही आपल्याकडं सांगितलं आहे. मी आधी स्वतःचं सांगायला हवं होतं, मग त्याचं. क्रम चुकला. हे मी इथं लिहिते कारण तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर क्रम चुकवू नका.

निर्वाण लाडू झाले, भाऊबीज आली. मी ओवाळणीचं ताट करून ठेवलं, येईल अशी आशा नव्हती. संध्याकाळी उशिरा तो आला. ओवाळून घेतलं. जेवताना एकदम म्हणाला, "फरशी नको तर नको. पण मला सांग, मी ते पैसे नेऊन त्या खड्ड्यात टाकू काय? डोंगर परत येणार आहे?"

"नाही," मी म्हणाले, "डोंगर काही आता येत नाही."

"मग?"

मग मी त्याला आज्जीच्या जिवाणीची आठवण काढून दिली. त्यालाही ती कडीची बादली आठवत होती; आज्जी त्याला ती ओढायला द्यायची. मी म्हणाले, "आज्जीला विहीर पुन्हा भरायची नव्हती. तिच्या फडक्यावर जे दिसत होतं तेवढंच ती जिथल्या तिथं पोचवायची. तुझ्या फडक्यावर काय दिसतंय तेवढं बघ."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "२०१२ ला काम थांबलं तेव्हा माझे दोन महिन्यांचे पैसे वर अडकले. म्हणून मी ड्रायव्हरांचे दिले नाहीत. एक आपल्या इकडचा होता, त्याचे नंतर भागवले. दुसरा घाटाखालचा. त्याचे राहिले. त्यानं दोनदा फोन केला होता. मग तोही करायचा थांबला."

बघा, मी पृथ्वीकायिक आणि आशाधर करत बसले होते. भावाच्या वहीत मात्र एका माणसाची दोन महिन्यांची मजुरी शिल्लक होती. कोट्यवधी टनांच्या गोष्टीत आपण काय करणार, असं म्हणून हात झटकणं सोपं असतं. पण प्रत्येकाच्या वहीत असं एक नाव असतंच. आणि ते नाव बहुतेक वेळा त्या जागचंच असतं जिथून आपण घेतलं.

त्यानं जुन्या डायरीतून नंबर काढला आणि माझ्यासमोर फिरवला. नंबर आता लागत नाही असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं केरीच्या एका ओळखीच्या दुकानदाराला गाव आणि नाव सांगून ठेवलं. अजून पत्ता लागलेला नाही. आम्ही दोघांनी ठरवलंय, निरोप आला नाही तरी एकदा घाट उतरून जायचं, गावात विचारायचं. पैसे व्याजासकट मोजून त्यानं पाकिटात घालून ठेवले आहेत. पाकीट माझ्याकडं दिलंय. म्हणाला, "तुझ्याकडं असू दे अक्का, माझ्याकडून खर्च होतील."

त्या पाकिटानं बांयला पाणी येणार नाही, हे मला माहीत आहे. माझ्या मुलीची फी परत होत नाही. ती केळीवाली बाई मला विचारेल तर तिला द्यायला अजूनही माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. पण निदान भांडं आता दोणीवर नाही, विहिरीवर धरलं आहे. दोर सोडायचा राहिलाय. पाऊस थांबला की जाऊ.